लुथरनांचा शुक्रवार

हे सगळं सांगायची मला परवानगी आहे. कुणाची, ते पुढे कळेल. परवानगी नसताना तोंड उघडलं की काय होतं ते मी एकदा पाहिलंय, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमच्या चर्चमधल्या चौदा बायकांची एक साखळी होती. प्रार्थनेची. कुणावर काही बेतलं की पहिल्या बाईने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, असा निरोप चौदावीपर्यंत जायचा आणि संध्याकाळपर्यंत चौदा घरांत चौदा जपमाळा बाहेर निघायच्या. चौदावीने शेवटी पहिलीला फोन करून ऐकलेला निरोप म्हणून दाखवायचा, म्हणजे साखळी पूर्ण. पहिली मी, व्हर्ना जानक्वार्ट. यादी माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली असे. चौदावी ओडिल, ऐंशी ओलांडलेली, कानात यंत्र. नियम असा की नाव घ्यायचं नाही आणि निरोपात पदरचं काही घालायचं नाही. अकरा वर्षांत यातला दुसरा नियम कुणीही पाळला नव्हता. माझ्या नवऱ्याच्या, क्लेमच्या, पित्ताशयातल्या खड्याचा निरोप मी एका सकाळी पाठवला, तर संध्याकाळी ओडिलने रडत फोन करून विचारलं की दफन कोणत्या दिवशी ठेवलंय. क्लेम तेव्हा माझ्यासमोर बसून अंडी खात होता.

आम्ही हसायचो त्यावर. चालायचंच, म्हणायचो.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या एप्रिलमधली. अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या आमच्या या कोपऱ्यात एप्रिलमध्येही रस्त्याच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग असतात. शहरातल्या गर्भपाताच्या दवाखान्यासमोर आम्ही शुक्रवारी उभ्या राहायचो, कारण तिथे ते काम फक्त शुक्रवारी होई. ओरडायचं नाही, वाट अडवायची नाही, रक्ताची चित्रं दाखवायची नाहीत, हे आमच्या गटाचं ठरलेलं. इतर गटांचं वेगळं होतं आणि त्यांच्यातल्या एकीशी माझी भर फुटपाथवर जुंपली होती. आम्ही पाटी धरायची, जप करायचा, आणि कुणी आपणहून थांबली तर तिला एवढंच म्हणायचं: "तू एकटी नाहीस. तुला जे लागेल ते आम्ही करू." पोटातलं ते मूल आहे असं मी मानते, आजही मानते, पण त्या दारापर्यंत आलेल्या पोरीला मुलावरचं भाषण नको असतं, हेही मला तिथे उभी राहूनच कळलं.

ते वाक्य इमेल्डा डेलविशचं. इमेल्डा आमच्यातली सगळ्यात खंबीर. नवरा गेल्यावर साठ गायींचा गोठा मुलाच्या मदतीने चालवणारी, पहाटे चारला उठून दूध काढून, आंघोळ करून, नऊच्या ठोक्याला फुटपाथवर हजर राहणारी. दारातून परत फिरलेल्या प्रत्येक पोरीच्या बाळासाठी ती एक पिवळी गोधडी शिवायची. पिवळी, कारण मुलगा की मुलगी ते माहीत नसे. तोवर एकतीस झाल्या होत्या.

शुक्रवार वाटून दिलेले होते. पहिला आणि तिसरा आम्हा कॅथलिकांचा, बाकीचे गावातल्या प्रॉटेस्टंट चर्चांचे: दुसरा लुथरनांचा, चौथा बाप्तिस्टांचा. कोण कधी उभी राहणार त्याचा कागद चर्चच्या हॉलमध्ये कॉफीच्या टेबलामागे लावलेला असे. कुणीही वाचावा.

त्या महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी लुथरनांकडे कुणीतरी वारलं. त्यांच्या पाद्र्याच्या बायकोचा मला फोन आला, आमचा तास रिकामा राहील म्हणून. मी म्हटलं, मी जाते. एकटीच गेले.

साडेनऊला एक हिरवा जुना ट्रक आला. मागचा एक दिवा फुटलेला. दवाखान्याच्या आवारात न शिरता तो पलीकडे लांब उभा राहिला आणि त्यातून एक मुलगी उतरली. जाकिटाची टोपी कपाळावर ओढलेली, उजव्या मनगटाला पट्टा. ती फाटकापर्यंत आली, तिने माझ्या हातातली कॅथलिक जपमाळ पाहिली आणि जागीच थांबली.

"आज लुथरन असतात ना इथे?" तिने विचारलं.

मला वाटलं, लुथरन असेल बिचारी, आपल्या माणसांना शोधतेय. मी तिला सांगितलं की त्यांच्याकडे मयत झालंय म्हणून मी आलेय. मग ते वाक्य म्हटलं. ती हसली. ते हसू मला तेव्हा अजिबात कळलं नाही. पण ती गेली नाही. दहा-बारा मिनिटं आम्ही तिथे गारठत उभ्या होतो. दोन महिने झालेत म्हणाली. तो माणूस मालबोटीवर कामाला लागला होता आणि पत्ता ठेवायला विसरला होता. मी तुमच्याच बाजूची, म्हणाली, बेकरीत काम करते, कणकेच्या गोळ्यांनी मनगट गेलंय. आणि घरी कळलं तर संपलंच.

मी कार्डावर माझा फोन नंबर लिहून दिला.

"तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" ती म्हणाली.

"नाही सांगणार."

"पुढच्या शुक्रवारपर्यंत मी विचार करते," म्हणाली आणि ट्रक वळवून गेली.

घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या पोरीच्या हातात सात दिवस होते, आणि सात दिवसांत काहीही होऊ शकतं. क्लेमने विचारलं, काय झालं गं, तर मी त्याला एक अक्षर सांगितलं नाही. शब्द दिलाय म्हटल्यावर दिलाय. स्वतःचा मोठा अभिमान वाटला मला. आणि मग त्याच अभिमानात मी कपाटाचं दार उघडून दुसऱ्या नंबरला फोन लावला.

प्रार्थनेला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. आमच्यात सगळ्यांच्याच डोक्यात असतं. शेजारणीकडे जे बोललं तर चहाडी होते, तेच डोळे मिटून बोललं की भक्ती होते. मी नाव घेतलं नाही, मला माहीतच नव्हतं. मी एवढंच म्हटलं: आज एक मुलगी दारातून परत फिरली, आपल्याच बाजूची आहे, एकटी आहे, मनगट दुखावलेलं आहे, शुक्रवारपर्यंत तिच्यासाठी जप करा. मनगटाचं कशाला सांगितलं? कारण नुसत्या "एका मुलीसाठी" जप करताना मन लागत नाही. डोळ्यांसमोर काहीतरी हवं असतं.

संध्याकाळी ओडिलचा फोन आला नाही.

सात वाजले, आठ वाजले. मी भांडी दोनदा घासली. ओडिल झोपली असेल असं क्लेम म्हणाला. शनिवारी सकाळी मीच तिला फोन केला, तर तिला निरोप पोहोचलाच नव्हता. अकरा वर्षांत साखळी वेडीवाकडी होऊन परत आली होती, पण परत आली नाही असं कधी झालं नव्हतं.

मग मी यादी हातात घेऊन एकेकीला विचारत बसले. दुसरीने तिसरीला सांगितलं होतं, तिसरीने चौथीला. सहावीपाशी निरोपात हिरवा ट्रक आला होता. तिच्या भाच्याने म्हणे शुक्रवारी सकाळी हमरस्त्यावर एका पोरीला तो चालवताना पाहिला होता, आणि तिने दोन आणि दोन चार केले होते. सातवी मार्सेला बोदवँ. मार्सेलाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि तिलाही ठाऊक आहे.

"मी पुढे सांगितलं की," मार्सेला म्हणाली. "माझ्यापुढे इमेल्डा. तिला निरोप दिला. मग मला आपलं आठवलं, तिच्या कॉलेटचं पण मनगट धरलंय, म्हणून विचारलं, कॉलेटचा हात कसा आहे गं? आणि तो हिरवा ट्रक अजून चालतो का तुमचा?"

"मार्सेला."

"तर ती म्हणाली, गोठ्यात जायचंय. आणि ठेवला फोन. बाई, एवढं तुसडेपणाने..." आणि मार्सेला बोलता बोलता थांबली. "अगं देवा," ती म्हणाली. "व्हर्ना, मला नव्हतं गं कळलं. आत्ता तू गप्प राहिलीस तेव्हा कळलं."

कॉलेट डेलविश, इमेल्डाची मुलगी. पहिल्या कम्युनियनच्या विधीच्या दिवशी तिच्या डोक्यावरचं जाळीचं वस्त्र मी पिन लावून बसवलं होतं. चार वर्षं ती शेजारच्या मिनेसोटा राज्यात होती, नुकतीच परतून बेकरीजवळ खोली घेऊन राहत होती, मधल्या वर्षांत पोरीची बाई झाली, आणि मी दहा मिनिटं तिच्यासमोर उभी राहून तिला लुथरन समजले; तो ट्रक डेलविशांचा, हेही माझ्या ध्यानात आलं नाही. तिने हॉलमधला कागद वाचला होता. आई कधी नसते ते पाहून तिने शुक्रवार निवडला होता.

मार्सेलाला मी दम भरला की आता एक शब्द जरी बाहेर गेला तर याद राख. ती रडायला लागली. दम मला कुणी भरायचा हा प्रश्न होता.

इमेल्डा फोन उचलत नव्हती. रविवारी ती चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला आली, तिच्या नेहमीच्या बाकावर बसली आणि शेवटचं गाणं संपायच्या आत निघून गेली. कॉफीला थांबली नाही. हॉलमध्ये मी त्या कागदासमोर उभी राहिले. पुढचा शुक्रवार, तिसरा, नऊ ते अकरा: इमेल्डा, मार्सेला. माझ्या हातातल्या केकचा चुरा झाला होता.

सोमवारी मी तिच्या शेतावर गेले. ती गोठ्यात यंत्रांच्या नळ्या धूत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी सगळं सांगितलं, जसं झालं तसं, मनगटासकट. माफी मागितली. ती नळ्या धूतच राहिली.

"तुझ्याशी बोलली ती," शेवटी इमेल्डा म्हणाली. "तुझ्याशी, व्हर्ना. माझ्याशी नाही."

"मला ओळखलं नसेल तिने."

"तिने कागद पाहिला. मी नसेन असा दिवस पाहिला तिने." तिने नळ बंद केला. "शनिवारी ट्रक परत द्यायला आली होती. इथेच, तू उभी आहेस तिथे. मी किल्ल्या घेतल्या. तोंडातून एक शब्द निघाला नाही माझ्या. ती थोडा वेळ थांबली, मग भावाने सोडलं तिला. एकतीस पोरींशी बोलले मी, आणि माझ्या पोरीशी काय बोलायचं ते मला येत नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले तर तिने तो बाजूला केला. रागाने नाही, ओला होईल म्हणून करावा तसा. जा आता, म्हणाली.

मंगळवारी दुपारी फोन वाजला.

"मिसेस जानक्वार्ट? कॉलेट बोलतेय."

मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली की मी तुम्हाला लगेच ओळखलं होतं, तुम्ही ओळखलं नाहीत तेव्हा हायसं वाटलं होतं. तिच्यामागे बेकरीची भांडी वाजत होती. मी तिला जे सांगायचं ते सांगितलं, सोमवारी तिच्या आईला सांगितलं तेच. कारण देत बसले नाही.

"चौदा बायका," कॉलेट म्हणाली. "आता मी मूल ठेवलं तर तो तुमचा विजय, आणि नाही ठेवलं तर तुमचं अपयश. माझं काय राहिलं त्यात?"

मग तिने मला माझंच वाक्य ऐकवलं.

"तुम्ही म्हणाला होता, जे लागेल ते करू."

"हो."

"शुक्रवारी सकाळी मला गाडी लागेल. आठ वाजता बेकरीच्या मागे या. कुठे जायचं ते विचारायचं नाही. आणि या वेळी खरंच कुणाला सांगायचं नाही. देवाला सांगायचं असेल तर एकटीने सांगा."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं की आपण कशाला हो म्हटलंय.

शुक्रवारी. ते काम फक्त शुक्रवारीच होतं. माझ्या गाडीतून, माझ्या हाताने चालवत. मंगळवार ते शुक्रवार मी नीट झोपले नाही की जेवले नाही. फादरना विचारावं असं शंभरदा मनात आलं, आणि शंभरदा कळलं की विचारणं म्हणजे सांगणं. इमेल्डाला तरी सांगावं, आई आहे ती. गुरुवारी मी मार्सेलाचा नंबर अर्धा फिरवला आणि हात मागे घेतला. गाडी बंद पडली असं सांगता येईल. ताप आला असं सांगता येईल. हमरस्त्यावर भलतीकडे वळून तासभर हरवल्याचं सोंग करता येईल, तोवर दवाखान्याची वेळ टळेल. हे सगळं मी बसून रीतसर ठरवलंही, कुठला फाटा घ्यायचा इथपर्यंत. एका जिवासाठी एक खोटं, त्यात काय मोठंसं. पण त्या पोरीच्या हातात आता दिलेल्या शब्दाखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि तोही मी एकदा मोडलेला. क्लेम म्हणाला, तुला काहीतरी खातंय. मी म्हटलं, पित्त झालंय.

आठला पाच मिनिटं कमी असताना मी बेकरीच्या मागे होते. कॉलेट आली, बसली. आज टोपी नव्हती, केस बांधलेले. गाडीत पावाचा वास पसरला. आरशाला माझी जपमाळ टांगलेली होती. ती काढून ठेवावी का हे मला सुचेना, म्हणून तशीच राहिली. आम्ही हमरस्त्याला लागलो. मग तो फाटा आला. उजवीकडे डेलविशांचं शेत, डावीकडे शहर.

"डावीकडे," कॉलेट म्हणाली.

मी डावीकडे वळले. मधली चाळीस मिनिटं मला आठवत नाहीत; एवढं आठवतं की एका बर्फ काढायच्या गाडीमागे आम्ही बराच वेळ अडकलो आणि मी मनातल्या मनात त्या गाडीला आशीर्वाद दिले. पुढे ती बाजूला झाली तेव्हा मला रडू आलं. ती 'आत सोडा' म्हणाली असती तर मी फाटकातून गाडी आत घातली असती का? लोकांना वाटतं याचं उत्तर मला माहीत असेल. नाही माहीत.

रस्ता वळला आणि दवाखाना दिसला. फुटपाथवर दोघी उभ्या होत्या. मार्सेला तिच्या लाल कोटात, आणि तिच्याशेजारी इमेल्डा, पाटी छातीशी धरून. मार्सेलाने माझी गाडी ओळखली. मग शेजारी कोण बसलंय ते तिला दिसलं आणि तिचं तोंड उघडं पडलं.

"इथे थांबवा," कॉलेट म्हणाली. "फाटकात नको. इथे, त्यांच्यासमोर."

ती उतरली. मी काच खाली केली. करायला नको होती, पण केली. कॉलेट सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली. दोघींमध्ये ती पाटी होती.

"मी आत जाणार नाहीये," कॉलेट म्हणाली. "ते मी सोमवारीच ठरवलंय. माझं मी, कुणाच्या जपाने नाही. ते सांगायला नाही आले."

इमेल्डाने मान हलवली.

"इथे येणाऱ्या प्रत्येकीला तू काहीतरी म्हणतेस ना, आई? ते मला म्हण."

मार्सेलाने त्या वेळी आयुष्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम केलं. ती पाठ करून उभी राहिली आणि मोठमोठ्याने 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हणायला लागली, स्वतःच्या कानांवर काही पडू नये म्हणून.

इमेल्डाने तोंड उघडलं. "तू एकटी," ती म्हणाली आणि अडकली. अकरा वर्षं ते वाक्य तिने थंडीवाऱ्यात, शिव्या खात, न चुकता म्हटलं होतं. परत सुरू केलं. "तू एकटी..." पुढचं येईना. तिने पाटी फाटकाला टेकवली, लोकरी हातमोजे काढले आणि त्यातला एक कॉलेटच्या पट्टा बांधलेल्या हातावर चढवायला लागली. पट्ट्यावरून तो जाईना. ती ओढत राहिली.

"दुखतंय, आई," कॉलेट म्हणाली, पण हात मागे घेतला नाही.

"गोठ्यात किल्ल्या घेतल्या मी तुझ्याकडून," इमेल्डा म्हणाली. "आधी हात बघायला हवा होता."

मग कॉलेटने कपाळ आईच्या खांद्यावर टेकवलं आणि मी काच वर केली. त्यापुढचं मी ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तरी इथे सांगितलं नसतं. कॉलेटने दिलेली परवानगी एवढ्याचीच आहे.

इमेल्डाने आणलेल्या त्या हिरव्या ट्रकमधून दोघी घरी गेल्या. इमेल्डाचा उरलेला तास मी भरून काढला. मार्सेला आणि मी शेजारी शेजारी उभ्या राहिलो, पाठ टेकायलाही काही नव्हतं. ती म्हणाली, "व्हर्ना, संध्याकाळी बाया विचारतील. शुक्रवारपर्यंत जप करा म्हणाली होतीस. काय झालं म्हणून विचारतील."

"विचारतील."

"मला नाही जमायचं गं गप्प बसायला. मी अशीच आहे."

"मग गप्प बसू नकोस," मी म्हटलं. "मी सांगेन तेवढंच सांग."

संध्याकाळी पाच वाजता मी कपाटाचं दार उघडलं आणि दुसऱ्या नंबरला फोन लावला. निरोप आधी कागदावर लिहून काढला होता, म्हणजे माझ्याही जिभेला वाट फुटू नये: "त्या मुलीबद्दल काही कळलेलं नाही. कळायची गरजही नाही. चूक व्हर्नाची आहे, तिच्यासाठी जप करा." दुसरीने विचारलं, म्हणजे काय, कसली चूक? मी म्हटलं, लिहून घे आणि पुढे सांग.

मग बसले. सहावीकडे पोहोचला असेल, तिचा तो भाचा, तो ट्रक. सातवी मार्सेला. आठवी इमेल्डा, तिचं स्वयंपाकघर मला दिसत होतं, टेबलाशी दोघी, भिंतीवरचा फोन. एकदा तिथेच साखळी तुटली होती. साडेसहा झाले. क्लेम बटाटे सोलत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता, म्हणजे बघतच होता. सात वाजले.

सव्वासातला फोन वाजला. ओडिल.

"व्हर्ना," ती ओरडली, कानातलं यंत्र असल्यावर ती ओरडतेच. "त्या मुलीबद्दल काही कळलेलं नाही. कळायची गरजही नाही. चूक व्हर्नाची आहे, तिच्यासाठी जप करा."

मी कागदावर बोट ठेवून ऐकत होते. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

"बरोबर ऐकलं ना मी?" ओडिलने विचारलं. "दोनदा विचारलं मी तेरावीला, तर तीही तेच म्हणाली. एवढंच का आहे?"

"एवढंच आहे, ओडिल," मी म्हटलं.